मुका मार आणि विसर

स्मृती-तपासणीच्या खोलीत "डोक्याला कधी मार लागला होता का?" हा प्रश्न असाच्या असा विचारला, तर उत्तर बहुतेक वेळा "नाही" असंच येतं. कुणी खोटं बोलत नसतं. आपल्याकडे मार लागला म्हणजे रक्त आलं, टाके पडले, पट्टी बांधली. डोकं फुटलं नाही तर तो मुका मार, आणि मुका मार दोन दिवस शेकला की विषय संपला. पण पुढच्या आयुष्यातल्या अल्झायमरशी ज्या माराचं नातं तपासावं लागतं, तो पुष्कळदा हाच असतो. आत मेंदू हलतो, त्याच्या तारा ताणल्या जातात आणि बाहेर साधं टेंगूळसुद्धा येत नाही.

म्हणून आम्ही मार विचारत नाही, पडणं विचारतो, तेही जागा घेऊन. मोटारसायकलवरून, सायकलवरून, बैलगाडीवरून, नारळावरून, आंब्यावरून, जिन्यावरून, न्हाणीघरात कधी पडला होतात का? दहीहंडीच्या थरावरून? कुस्तीत किंवा कबड्डीत डोकं आपटून काही वेळ काही सुचेनासं झालं होतं का? गाडीला पाठीमागून ठोकर बसली होती का? कुणी डोक्यात मारलं होतं का? हा शेवटचा प्रश्न बायकांना एकट्यात विचारायचा, नवऱ्याला औषधाच्या चिठ्ठीच्या निमित्ताने बाहेर पाठवून. प्रसंग एकेक आठवू द्यायचे, आणि मग प्रत्येकापाशी थांबून शुद्ध हरपली होती का, किती वेळ, हे विचारायचं. ओहायो स्टेट विद्यापीठात तयार झालेली आयुष्यभराच्या मेंदू-इजांची प्रश्नावली याच क्रमाने जाते. "नाही" म्हणून आत आलेल्या माणसाच्या कागदावर वीस मिनिटांत दोन-तीन प्रसंग उतरलेले असतात.

प्रसंग मिळाला की त्याची तीव्रता ठरवायची. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या दोन मेंदूशल्यतज्ज्ञांनी १९७४ मध्ये मांडलेली ग्लासगो कोमा स्केल आजही जगभर चालते: डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल मिळून १५ गुण. १३ ते १५ म्हणजे सौम्य, ९ ते १२ मध्यम, ८ आणि त्याखाली गंभीर. जुन्या डिस्चार्ज कार्डावर हे 'ई ३, व्ही ४, एम ५' असं कोपऱ्यात खरडलेलं असतं. बेरीज १२, म्हणजे मध्यम. पण वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं कार्ड घरात सापडणं कठीण. तेव्हा एक जागा हमखास आठवून पाहायची: अपघातभरपाईचा दावा केला होता का? मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला असेल, तर इजेचा दाखला, केसपेपर आणि स्कॅनचा अहवाल यांच्या प्रती वकिलाच्या फाईलला जोडलेल्या असतात. घरच्यांनी रद्दीत घातलेला कागद वकिलाच्या कपाटात निघतो.

कागद नसेलच तर विसर मोजायचा. अपघातापासून सलग आठवण परत येईपर्यंतचा काळ, बेशुद्धीचा वेळ त्यातच धरून. २४ तासांच्या आत असेल तर सौम्य, एक ते सात दिवस मध्यम, त्यापुढे गंभीर. इथे 'सलग' या शब्दावर सगळं अडतं. "अॅम्ब्युलन्समध्ये भाऊ रडत होता, तेवढं आठवतं" हे एक बेट झालं, ते धरायचं नाही. दुसरी फसगत ऐकीव आठवणींची. इतक्या वर्षांत ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झालेली असते, की ती स्वतःची वाटू लागते. म्हणून कुणी सांगितलं नसेल असं काही विचारायचं: पलंगाच्या कुठल्या बाजूला खिडकी होती, शेजारचा पेशंट कोण होता, सलाइन कुठल्या हाताला होती. ज्या दिवसापासून अशी उत्तरं सुरळीत येतात, तिथे विसर संपला. अपघाताच्या वेळी दारू घेतलेली असेल किंवा दवाखान्यात झोपेची औषधं चालू असतील, तर हा काळ फुगतो. तसं कागदावर लिहून ठेवायचं, नाहीतर पुढचा वाचणारा सौम्य माराला गंभीर समजतो.

यानंतरची पायरी आमच्या मते सगळ्यांत मोलाची, आणि तिला खर्च एका कोऱ्या कागदाचा. आडवी रेघ ओढायची आणि तिच्यावर वर्षं मांडायची. सन विचारला तर कुणाला सांगता येत नाही. लग्न, थोरलीची दहावी, बदली, निवृत्ती विचारली की बरोबर सांगतात. मराठवाड्यातल्या माणसाला किल्लारीचा भूकंप विचारावा, मुंबईकराला २६ जुलैचा पूर, आणि आता सगळ्यांनाच लॉकडाऊनच्या आधी की नंतर. रेघेवर अपघात मांडायचा, मग कामातल्या चुका, पैशांचे घोळ, रस्ता चुकणं, तेच तेच विचारणं हे सगळं ज्या त्या वर्षी. माहिती देणारा माणूस नीट निवडायचा. नवरा-बायको एकमेकांचं झाकतात. मुलगा रात्री घरी येतो, त्याला बाबा ठणठणीत दिसतात, दिवसभर घरात असणारी सून एका वाक्यात सांगते, "चहा झाला का म्हणून चार वेळा विचारतात, आणि कप समोरच असतो."

कागदावर जी आकृती उमटते तिचे ढोबळ तीन प्रकार. पहिल्यात अपघाताच्या दिवशी कुवतीची रेघ खाली येते, वर्ष-दीड वर्षात थोडी सावरते आणि मग तिथेच चालत राहते. स्वभाव तापट झाला, लक्ष टिकेना, पण वीस वर्षं तेवढंच. हा त्या माराचा कायमचा अवशेष. वाढत जाणारा आजार म्हणायला त्यात काही नाही. दुसऱ्यात ती पंधरा-वीस वर्षं सपाट चालते आणि मग कुठल्याही नव्या अपघाताशिवाय हळूहळू उतरू लागते. आम्हाला शोध असतो तो या उताराचा. तिसरा प्रकार उलटा: विसर आधी सुरू झालेला, पडणं नंतर. तोल गेला, रस्ता ओलांडताना अंदाज चुकला, रात्री दिवा न लावता उठले, आणि पडल्यानंतर घरच्यांचं लक्ष गेलं. मग "पडले तेव्हापासून असं झालं" हे वाक्य घरात कायम होतं. डेन्मार्कच्या नोंदवह्यांवरून सुमारे २८ लाख लोकांचा जो अभ्यास २०१८ मध्ये आला, त्यात डोक्याच्या इजेनंतर स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याचा धोका पहिल्या सहा महिन्यांत सर्वाधिक दिसतो. सहा महिन्यांत अल्झायमर तयार होत नाही; तो आधीच आत होता, पडण्याने उघडकीला आला, असा त्याचा बराचसा अर्थ.

पुढे जाण्याआधी दुरुस्त होण्याजोगी कारणं बाजूला काढायची. यातली एक चूक फार महाग पडते. साठीपुढच्या माणसाला, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर, कपाटाच्या दाराचा टोला एवढाही मार पुरतो. मेंदूवरच्या आवरणाखाली रक्त थेंबाथेंबाने साकळत जातं आणि तीन-चार आठवड्यांनी माणूस सुस्त, गोंधळलेला, एका बाजूने पाय ओढत चालणारा दिसू लागतो. घरच्यांना वाटतं वय झालं. त्यातून मधल्या दोन-तीन आठवड्यांत हे रक्त सीटी स्कॅनवर मेंदूच्याच रंगाचं दिसतं, घाईत बघणाऱ्याच्या नजरेतून सुटतं. मेंदूच्या घड्या कवटीपासून आत ढकलल्यात का, हे बघितलं तर सापडतं. कवटीला छिद्र पाडून ते काढलं की बरेच जण काही दिवसांत पूर्ववत बोलू लागतात. म्हणून विसर महिन्याभरात वाढला असेल, तर अल्झायमरचं नाव काढण्याआधी स्कॅन. डोक्यातलं पाणी वाढणं हा दुसरा शोध: चाल अडखळते, लघवीवर ताबा राहत नाही, मग विसर. सोबत बी-१२ (शाकाहारी घरांत हे कमी निघणं नित्याचं), थायरॉइड, सोडियम, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, उदासी.

आणि एक गोष्ट आमच्याकडे वारंवार सापडते ती औषधांच्या पिशवीत. अपघातानंतर फिट आली होती म्हणून फेनिटॉइन सुरू केलेलं, पुढे कुणी बंद करायला सांगितलं नाही म्हणून वीस वर्षं चालूच. हिरड्या सुजलेल्या, चाल झोकांडी, बोलणं संथ. रक्तातली पातळी तपासायची आणि मेंदूरोगतज्ज्ञाच्या देखरेखीत हळूहळू बदलायचं. एकदम बंद करणं म्हणजे फिटला आमंत्रण. पिशवी आणा असं सांगितलं की लोक चिठ्ठ्या आणतात; पिशवीच आणा, पट्ट्यांसकट.

आता मार आणि अल्झायमर यांचा सांधा कुठे आहे ते. मेंदूतल्या पेशीची लांब तार म्हणजे अॅक्सॉन. तिच्यातून माल ने-आण करणारी रुळांसारखी सूक्ष्म नळकांडी असतात. डोकं झटक्याने वळलं की तार ताणली जाते, रूळ जागोजाग मोडतात आणि वाहतूक खोळंबते. गर्दी होते तिथे तार फुगते. या फुगवट्यात साचणाऱ्या मालातलं एक प्रथिन म्हणजे अॅमिलॉइडचा पूर्वज, एपीपी. शवचिकित्सेत तारांची इजा ओळखण्यासाठी याच प्रथिनाचा रंग वापरतात, कारण मारानंतर दोन-तीन तासांतच ते फुगवट्यांत दिसू लागतं. त्याच जागी त्याला कापणारी विकरंही अडकलेली असतात. कच्चा माल आणि कात्री एकाच खोलीत कोंडल्यावर जे कापलं जायचं ते कापलं जातं, आणि अॅमिलॉइड-बीटा तयार होतं. अल्झायमरच्या मेंदूत पेशींच्या बाहेर ज्याचे थर साचतात, तेच हे.

हा अंदाज नाही, ऊतींत बघितलेलं आहे. डोक्याच्या माराने दगावलेल्या १५२ जणांच्या मेंदूंचा ब्रिटनमधला अभ्यास १९९४ मध्ये आला, त्यात सुमारे ३० टक्क्यांत हे थर सापडले. २००४ च्या एका अभ्यासात, जीव वाचवण्यासाठी शस्त्रक्रियेत काढाव्या लागलेल्या मेंदूच्या तुकड्यांत मारानंतर अवघ्या दोन तासांत थर दिसले. ज्या आजाराला आपण म्हातारपणाचा म्हणतो, त्याच्या खुणा जवान माणसात दोन तासांत. पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो. हे लवकरचे थर बहुधा विरघळून जातात. मारानंतर काही वर्षांपर्यंत जगलेल्यांच्या मेंदूत ते फारसे राहिलेले दिसत नाहीत. मग २०१२ मध्ये एकाच मारानंतर १ ते ४७ वर्षं जगलेल्या ३९ जणांचे मेंदू तपासले गेले, आणि सुमारे एक तृतीयांशांत अॅमिलॉइडचे थर आणि पेशींच्या आत होणारे टाऊ प्रथिनाचे गुंते, दोन्ही त्या वयाला शोभणार नाहीत इतके पसरलेले आढळले. मधल्या काळात काय घडतं याचे धागे काही प्रमाणात हाती आहेत. मेंदूतला कचरा वाहून नेणारी व्यवस्था झोपेत जोरात चालते. तिच्यासाठी लागणारी पाण्याची दारं, अॅक्वापोरिन-४, रक्तवाहिन्यांलगत शिस्तीत बसलेली असतात. उंदरांमध्ये मारानंतर ही दारं जागा सोडतात आणि टाऊचा निचरा मंदावतो. शिवाय दाहपेशी वर्षानुवर्षं चेतलेल्या राहतात. सगळ्यांना सारखं होत नाही, कारण वारसा वेगळा असतो: एपीओई जनुकाची ४ क्रमांकाची प्रत ज्यांच्याकडे असते, त्यांच्यात मारानंतर अॅमिलॉइड साचण्याची शक्यता जास्त, हे १९९५ पासून माहीत आहे.

मग सरळ "मार म्हणजे अल्झायमर" का म्हणत नाही? कारण पुरावे एका सुरात बोलत नाहीत. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी नौसैनिकांच्या पाहणीत मध्यम मारानंतर अल्झायमरचा धोका सुमारे २.३ पट, गंभीर मारानंतर ४.५ पट निघाला. डेन्मार्कच्या त्या अभ्यासात एकूण स्मृतिभ्रंशाचा धोका २४ टक्के जास्त, एकाच सौम्य माराने १७ टक्के, आणि पाच किंवा अधिक मारांनंतर पावणेतीन पटीच्या पुढे. पण २०१६ मध्ये तीन अमेरिकी समूहांतल्या सात हजारांवर वृद्धांचा अभ्यास आला, ज्यात १,५८९ शवचिकित्सा होत्या. त्यात शुद्ध हरपलेल्या माराचा अल्झायमरच्या थरांशी आणि गुंत्यांशी संबंध सापडला नाही, पार्किन्सनशी आणि त्या आजारात पेशींत साचणाऱ्या लेवी कणांशी सापडला. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० मध्ये डोक्याची इजा टाळता येण्याजोग्या कारणांच्या यादीत घेतली, ती एकूण स्मृतिभ्रंशासाठी. केवळ अल्झायमरसाठी नव्हे. आमचं मत असं बनलं आहे की मार दोन दारांनी आत येतो. एका दाराने अॅमिलॉइड आणि टाऊ. दुसऱ्याने साधी वजाबाकी: मेंदूची शिल्लक आधीच कमी झाली, त्यामुळे नंतर आलेला कुठलाही आजार काही वर्षं आधी दिसू लागला. पेशंट एकच असतो, दारं दोन्ही उघडी असू शकतात.

वारंवार बसणाऱ्या माराचा आजार वेगळा ठेवावा. मुष्टियोद्ध्यांतलं 'पंच ड्रंक', म्हणजे ठोसे खाऊन खाऊन झिंगल्यासारखं होणं, अमेरिकी शवचिकित्सक मार्टलँड यांनी १९२८ मध्येच लिहिलं. आज त्याला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपॅथी) म्हणतात. त्यात टाऊ मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं. अल्झायमरमध्ये ते कानशिलामागच्या आतल्या भागातून सुरू होतं. स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंत मृत्यूच्या दाखल्यावर अल्झायमर लिहिलं जाण्याचं प्रमाण पाचपट होतं. पण दाखला म्हणजे सूक्ष्मदर्शक नव्हे, त्यातले किती खरे सीटीई होते हे दाखल्यावरून कळत नाही.

आता चाचण्या. आम्ही केंब्रिजच्या अॅडनब्रुक्स रुग्णालयात तयार झालेल्या चाचणीच्या तिसऱ्या आवृत्तीवर बेतलेली १०० गुणांची चाचणी वापरतो: लक्ष १८, स्मरण २६, शब्दप्रवाह १४, भाषा २६, दृष्टी-अवकाश १६. चष्मा आणि कानातलं यंत्र घातल्याशिवाय सुरुवात करायची नाही. न ऐकलेला शब्द आठवणार कुठून? एका मिनिटात एका अक्षराचे शब्द सांगा म्हटलं की मराठी माणूस "प, पा, पि, पी" अशी बाराखडी म्हणू लागतो. आधी दुसऱ्या अक्षराचं उदाहरण करून दाखवायचं, तेव्हा मिनिट सुरू. प्राण्यांच्या नावांत शेतकरी भरभर पुढे जातो आणि शहरातला कारकून अडतो, त्यात आजार काही नाही. शाळा किती झाली हे गुणांशेजारी लिहिलं नाही, तर तो आकडा निरर्थक.

फरक कशात दिसतो? जुन्या माराचा माणूस शिकतो हळू, पण धरून ठेवतो. पत्ता तीनदा वाचून दाखवल्यावर वीस मिनिटांनी स्वतःहून आठवत नाही, आणि "दादर की गिरगाव?" असा पर्याय दिला की बरोबर निवडतो. अल्झायमरमध्ये पर्यायानेही काही उजळत नाही. आत नोंदच झालेली नसते. माराचा माणूस आकडे आणि अक्षरं आलटूनपालटून जोडताना, म्हणजे १-अ, २-ब असं जाताना घसरतो, चिडतो, वेळ घेतो. अल्झायमरचा गोड हसून विषय बदलतो. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितलं, तर एक काटा ११ वर आणि दुसरा १० वर नेणं दोघांकडूनही होतं, म्हणून घड्याळावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. चाचणी सकाळी घ्यायची. मारानंतरचा थकवा खरा असतो आणि दुपारच्या गुणांत तो उतरतो.

एमआरआयला पाठवताना चिठ्ठीवर जुन्या अपघाताचा उल्लेख आणि जुन्या रक्तस्रावाच्या खुणा दाखवणारी मालिका, एसडब्ल्यूआय, मागितली पाहिजे. नेहमीच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये ती नसली, तर मुका मार मुकाच राहतो. बघायचं असं. कपाळामागचा खालचा भाग आणि कानशिलाचं पुढचं टोक कवटीच्या खडबडीत तळावर घासतं, तिथे जुने चट्टे असतात. तारा ताणल्याच्या खुणा म्हणजे मोहरीएवढे काळे ठिपके, करड्या आणि पांढऱ्या भागाच्या सीमेवर, दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाशी, मेंदूच्या खोडात. ठिपके मात्र इतर कारणांनीही येतात. रक्तदाबाचे खोलवर, थॅलॅमस या मधल्या भागाच्या आसपास. रक्तवाहिन्यांच्या भिंतीत अॅमिलॉइड साचल्याचे कडेला, बहुधा मागच्या बाजूला. हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला स्मरणाचा भाग, त्याची झीज ० ते ४ अशा श्रेणीत मोजायची. एवढंच बघून अल्झायमर म्हणणाऱ्यांशी आमचं पटत नाही. गंभीर माराने हिप्पोकॅम्पसही झिजतो. दोन वर्षांच्या अंतराने दोन स्कॅन असतील, तर आणि तरच झीज वाढते आहे की थांबलेली आहे हे कळतं. म्हणून जुनी सीडी फेकू नये.

मेंदूत साखरेचा खप कुठे किती होतो हे दाखवणाऱ्या पेट स्कॅनला किमान चार तास उपाशी यायचं, रक्तातली साखर २०० च्या खाली हवी. औषध टोचल्यावर अर्धा तास अंधाऱ्या, शांत खोलीत मोबाइलविना बसायचं. कुणी गप्पा मारल्या तर मेंदूचा बोलण्याचा भाग उजळतो आणि चित्र फसतं. अल्झायमरमध्ये मागच्या आणि बाजूच्या भागांत आणि मध्यरेषेच्या मागल्या घडीत खप कमी दिसतो. जुन्या मारात तो पुढच्या टोकांशी आणि चट्ट्यांपाशी कमी दिसतो. अॅमिलॉइड दाखवणारा पेट निराळा. तो नकारार्थी आला तर अल्झायमर जवळजवळ बाद, आणि आमच्या लेखी त्याची किंमत इथेच आहे. होकारार्थी आला तर वय बघायचं; सत्तरी-ऐंशीच्या पुष्कळ धडधाकट माणसांतही तो होकारार्थी येतो. २०१६ च्या एका छोट्या अभ्यासात मार लागलेल्यांच्या लहान मेंदूतही अॅमिलॉइड जास्त दिसलं, जे अल्झायमरच्या रुग्णांत दिसलं नाही. एक व्यवहारातली अडचण यातून निघते: मोजमाप करताना लहान मेंदूलाच शून्य धरतात, आणि शून्यच वर सरकलं तर बाकीचं कमी भासतं.

अॅमिलॉइड आणि टाऊ मोजण्यासाठी पाठीतलं पाणी काढायचं झालं तर आधी स्कॅन बघून, रक्त पातळ करायची गोळी डॉक्टरांना विचारून थांबवून. बारीक, बोथट टोकाची सुई घेतली तर नंतरची डोकेदुखी कमी होते. नमुना पॉलिप्रोपिलीनच्याच नळीत घ्यायचा. काचेला किंवा पॉलिस्टायरीनला अॅमिलॉइड चिकटतं आणि पाण्यातलं प्रमाण खोटं कमी येतं. अल्झायमरमध्ये ते मेंदूत साचल्याने पाण्यात कमीच असतं, म्हणजे नसलेला आजार कागदावर येतो. नळी अर्ध्याहून कमी भरली तरी तेच. अॅमिलॉइड-बीटाच्या ४२ आणि ४० या दोन प्रकारांचं गुणोत्तर मागावं, एकटा ४२ नको. रक्तातल्या टाऊ-२१७ च्या चाचणीने हे सगळं सोपं होत चाललं आहे, पण ती नव्या मारानंतर लगेच करू नये. इजेनेच टाऊ वर जातं. काही महिने थांबावं. मूत्रपिंड कमजोर असेल तरीही आकडा फुगतो, म्हणून सोबत क्रिएटिनिन.

अहवालात आम्ही 'अपघातामुळे अल्झायमर' असं लिहीत नाही, कितीही आग्रह झाला तरी. लिहितो ते असं: अमुक साली मध्यम तीव्रतेची मेंदू-इजा, त्यानंतर सोळा वर्षं स्थिर, गेल्या तीन वर्षांत वाढता स्मृतिदोष, अल्झायमरच्या जैविक खुणा उपस्थित, जुन्या इजेचा हातभार संभवतो. घरच्यांना हे कोरडं वाटतं. पण ज्या घरात गाडी चालवणारा भाऊ अजून समोर बसलेला असतो, तिथे 'मुळे' आणि 'हातभार' यांत फार अंतर असतं.

औषधात डोनेपेझिल ५ मिलिग्रॅमने सुरू, चार ते सहा आठवड्यांनी १०. आधी नाडी आणि ईसीजी, कारण त्याने नाडी मंदावते, भोवळ येते, माणूस पडतो आणि डोक्याला पुन्हा मार बसतो. पोट बिघडलं तर कमी मात्रेवर राहायचं. अॅमिलॉइड काढणारी नवी इंजेक्शनं, लेकॅनेमॅबसारखी, जुन्या मारवाल्यांना सहसा अवघड: एसडब्ल्यूआयवर चारपेक्षा जास्त ठिपके असतील तर मेंदूत रक्तस्रावाच्या भीतीने ती देत नाहीत. ते ठिपके पंचवीस वर्षांपूर्वीच्या मोटारसायकलचे असले तरी नियम बदलत नाही. झोपेसाठी आणि सर्दीसाठी दुकानातून आणलेल्या जुन्या धाटणीच्या गोळ्या बंद. डोनेपेझिल स्मरणाचं जे रसायन वाढवतं, त्याच्या बरोबर उलट त्या काम करतात.

शेवटची खात्री सूक्ष्मदर्शकाखालीच होते. बंगळुरूच्या निमहान्स या मेंदू आणि मनोविकारांच्या राष्ट्रीय संस्थेत १९९५ पासून दान केलेले मेंदू जपणारी मेंदूपेढी आहे. हा विषय आम्ही पहिल्या भेटीत काढत नाही, पण कुणी विचारलं तर सांगतो की मरणोत्तर दानाला जवळच्यांची संमती लागते आणि वेळ तासांत मोजली जाते.

नंतरची भेट सहा महिन्यांनी, चाचणीच्या दुसऱ्या आवृत्तीसह, नाहीतर तोच पत्ता पाठ झालेला असतो. त्या भेटीला मुलं हमखास विचारतात, "माझं डोकंही कॉलेजात आपटलं होतं, मला होईल का?" त्यांना तोच आकडा सांगतो: एका सौम्य माराने १७ टक्के जास्त. म्हणजे शंभरातल्या दहांना जे होणार होतं, ते साधारण बारांना. पुन्हा आपटू नका, आणि मागच्या सीटवरही हेल्मेट, पट्टा कचकन लावून. हनुवटीखाली लोंबणारं हेल्मेट डोक्याच्या आधी रस्त्यावर पोहोचतं. वडिलांसाठी न्हाणीघरात दांडी, पलंग ते संडास रात्रभर मंद दिवा, दारातलं पायपुसणं काढून टाकायचं. आणि आजवरचे सगळे प्रसंग तारखांसह फाईलच्या पहिल्या पानावर, पेन्सिलीने नको.